खतावणी कुणाच्या हातात?

पाकिटातल्या नोटा काढून त्यांचे क्रमांक नीट पाहा. क्वचित एखाद्या नोटेवर सुरुवातीची अक्षरं आणि पुढचे आकडे यांच्या मधोमध एक छोटी चांदणी छापलेली सापडेल. छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी भरलेली ही बदली नोट. रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये छोट्या नोटांपासून ही पद्धत सुरू केली. शंभरांच्या पुडक्यातली एक नोट खराब निघाली तर ती बाहेर काढायची, तिच्या जागी चांदणीची घालायची, पण पुडक्यात नोटा शंभरच भरायला हव्यात. नाशिक आणि देवास इथल्या नोटांच्या छापखान्यांचा सगळा कारभार या एका हट्टावर चालतो. आत आलेला प्रत्येक कागद, चांगला छापला गेलेला असो की वाया गेलेला, हिशेबात दिसलाच पाहिजे.

आता दुसरा एक कागद घ्या. आधुनिक कॅसिनोत स्लॉट मशीनसमोरून उठताना यंत्र एक चिठ्ठी छापून देतं. साधा थर्मल कागद, किराणा दुकानातल्या बिलासारखाच. त्यावर रक्कम, वेळ, यंत्राचा क्रमांक आणि एक बारकोड. ना जलचिन्ह, ना सुरक्षा धागा, ना देवासच्या कारखान्यात बनणारी खास शाई. तरीही त्या चिठ्ठीवर पन्नास हजार लिहिलेले असतील तर रोखपाल तेवढे पैसे मोजून देतो. कारण ते पन्नास हजार त्या कागदात नसतातच. ते असतात आतल्या खोलीतल्या एका सर्व्हरच्या नोंदीत. कागद फक्त त्या नोंदीचा पत्ता सांगतो.

या प्रकरणात आपल्याला ती नोंद पाहायची आहे. ती कशी तयार होते, कुठे जाते, आणि शेवटी कोण वाचतं?

दोन राज्यं, एकच साल

त्याआधी कॅसिनो कायद्याने कुठे चालतो ते पाहू. धार आणि देवास ही पवारांची जुनी मराठी संस्थानं. आज त्या मुलखात कॅसिनो नाही. मध्य प्रदेशात १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा राज्याच्या दुरुस्त्यांसह चालतो आणि जुगाराचा अड्डा चालवणं हा त्याखाली गुन्हा आहे. महाराष्ट्रात १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंध कायदा आहे. दोन्ही कायदे फासे, पत्ते आणि सतरंजीच्या काळातले.

१९७६ हे साल मात्र लक्षात ठेवण्याजोगं. त्या वर्षी महाराष्ट्राने कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर आणणारा कायदा केला, आणि त्याच वर्षी गोवा, दमण व दीवसाठी सार्वजनिक जुगाराला बंदी घालणारा कायदा झाला. पुढे गंमत झाली. परवानगीसाठी केलेला महाराष्ट्राचा कायदा कधी अमलातच आला नाही. जवळजवळ अर्धं शतक कागदावर राहून २०२३ मध्ये तो रद्द झाला. बंदीसाठी केलेल्या गोव्याच्या कायद्याला मात्र १९९२ मध्ये एक खिडकी पाडली गेली. पंचतारांकित हॉटेलांत विद्युत करमणुकीचे खेळ, म्हणजे स्लॉट मशीन, चालवायला सरकार परवानगी देऊ शकेल, अशी ती दुरुस्ती. १९९६ मध्ये दुसरी खिडकी उघडली: जहाजावर टेबलावरचे खेळही चालतील.

म्हणून गोव्यात आजही एक फरक दिसतो. मांडवीत नांगरलेल्या जहाजांवर पत्ते वाटणारा माणूस असतो, रूलेटचं चक्र हाताने फिरवलं जातं. जमिनीवरच्या हॉटेलातल्या कॅसिनोला कायद्याने दिलेली परवानगी यंत्रांपुरती. माणूस डोळ्यांसमोर पत्ते पिसतो तेव्हा त्याच्या हातावर चार लोकांची नजर असते. यंत्र आत काय करतं यावर नजर ठेवायची कशी? या प्रश्नाचं उत्तर म्हणून सगळ्या यंत्रांना एका सर्व्हरशी जोडण्याची व्यवस्था जगभर उभी राहिली.

सर्व्हर नसलेलं जाळं

मराठी माणसाला जुगाराचं जाळं नवं नाही. मटका हे असंच एक अफाट जाळं होतं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडताना आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला यायचे आणि त्यांच्या आकड्यांवर पैसे लागायचे. १९६१ मध्ये हा मार्ग बंद झाल्यावर आकडा मुंबईतच काढायची युक्ती निघाली. १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापले मटके सुरू केले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेचा शेवटचा आकडा धरायचा. पाच, तीन आणि सहा आले तर बेरीज चौदा, आकडा चार. हा ‘ओपन’. थोड्या वेळाने पुन्हा तसाच ‘क्लोज’. गिरणगावात उघडलेला आकडा टेलिफोनवरून गावोगाव पोचायचा.

या जाळ्यात निकाल एका केंद्रातून बाहेर जायचा, पण पैशांची नोंद हजारो चिठ्ठ्यांवर विखुरलेली असायची. कुणी कुठल्या आकड्यावर किती लावले हे बुकीच्या वहीत, आणि ती वही पोलीस येताच जाळायची. चिठ्ठी हरवली की पैसे बुडाले. दाद मागायला जागा नाही.

पुढे ऑनलाइन लॉटरी आली तेव्हा चित्र उलटं झालं. २००१-०२ च्या सुमारास प्लेविनची टर्मिनलं पानपट्टीच्या शेजारी दिसू लागली. ग्राहकाने आकडे सांगायचे, दुकानदाराने ते टर्मिनलवर टिपायचे, आणि तिकीट छापून बाहेर येण्याआधीच त्याची नोंद दूरच्या मध्यवर्ती संगणकावर व्हायची. केंद्र सरकारच्या २०१० च्या लॉटरी नियमांनी ऑनलाइन लॉटरीची व्याख्या याच गोष्टीवर बेतली: टर्मिनलवर तिकीट निघतं आणि विक्रीची व आकड्यांची माहिती त्याच क्षणी मध्यवर्ती सर्व्हरवर नोंदली जाते. सोडत निघण्याआधी विक्री थांबवून सर्व्हरवरची यादी गोठवली की मागाहून जिंकणारं तिकीट घुसवायला वाव राहत नाही. मटक्यात निकालावर विश्वास ठेवावा लागायचा. इथे नोंदीवर ठेवायचा.

स्लॉट मशीनची कथाही याच वळणाने गेली. फक्त तिथे दिवसाला एक-दोन सोडती नसतात. प्रत्येक यंत्रावर काही सेकंदाला एक निकाल लागतो.

यंत्राच्या पोटात

१८९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे या कारागिराने ‘लिबर्टी बेल’ हे तीन चक्रांचं यंत्र बनवलं. दांडा ओढायचा, स्प्रिंग सुटायची, चक्रं फिरून थांबायची. तेव्हा डोळ्यांना दिसायचं तेच खरं होतं. चक्रावर जितकी चित्रं तितक्याच शक्यता. बावीस चित्रांची तीन चक्रं असतील तर एकूण १०,६४८ जुळण्या. त्यामुळे मोठं बक्षीस ठेवायचं तर मालकाच्या अंगावर यायचं.

१९८४ मध्ये इंगे तेल्नेस या नॉर्वेजियन अभियंत्याला एक पेटंट मिळालं आणि हे गणित मोडलं. यंत्रातल्या संगणकाने आधी एक यादृच्छिक संख्या काढायची, तिच्यावरून निकाल ठरवायचा, आणि मग चक्रं त्या निकालावर नेऊन थांबवायची. चक्रावर बावीसच चित्रं दिसत असली तरी संगणकाच्या मनात चौसष्ट घरांचं चक्र फिरू शकतं. चौसष्टचा घन म्हणजे २,६२,१४४. पहिल्या बक्षिसाला त्यातली एकच जुळणी दिली की ते भलंमोठं ठेवता येतं. त्या दिवसापासून चक्रं, त्यांची खडखड आणि जवळून हुकलेलं चित्र ही सजावट झाली. निकाल बटण दाबताक्षणी लागलेला असतो.

यंत्राच्या पोटात आणखी एक गोष्ट असते, जिच्याकडे खेळणाऱ्याचं लक्ष जात नाही: मीटर. घरातल्या विजेच्या मीटरसारखेच हे आकडे फक्त पुढे जातात, मागे येत नाहीत. एकूण किती रकमेचे डाव लावले, किती जिंकले, पेटीत रोख किती पडली, किती चिठ्ठ्या छापल्या, किती डाव झाले. वीज गेली तरी ते पुसले जाऊ नयेत म्हणून त्यांना बॅटरीवर टिकणारी वेगळी स्मृती दिलेली असते.

या आकड्यांची भाषा समजली की कॅसिनोचा धंदा समजतो. समजा एक माणूस हजार रुपये घेऊन बसला. डाव दहा रुपयांचा आणि तासाला सहाशे डाव. म्हणजे तासाभरात त्याने सहा हजारांचे डाव लावले. हजारच आणले होते, मग सहा हजार कुठून आले? मध्येमध्ये जिंकलेले पैसे तो पुन्हा लावत गेला. यंत्र लावलेल्या रकमेच्या ९२ टक्के परत देणारं असेल, तर सहा हजारांचे आठ टक्के, म्हणजे ४८० रुपये सरासरीने यंत्राकडे राहतात. माणसाला वाटतं, ९२ टक्के म्हणजे हजारातले ऐंशीच जातील. पण टक्केवारी खिशातल्या पैशांना लागू नसते, प्रत्येक डावाला असते. तो बसून राहिला तर हजारही जातात आणि यंत्राने ९२ टक्क्यांचा शब्दही पाळलेला असतो.

हजेरी

पूर्वी हे मीटर वाचायला माणूस लागायचा. पहाटे यंत्रं उघडायची, आकडे वहीत उतरवायचे, नाणी मोजायची आणि दोन्ही बाजू जुळवायच्या. शंभर-दोनशे यंत्रांचं हे काम घाम काढणारं, आणि चोरीला भरपूर जागा देणारं. १९७० च्या दशकात यंत्रांना तारेने जोडून आकडे आपोआप गोळा करण्याचे प्रयोग सुरू झाले. १९९० च्या दशकात आयजीटी या अमेरिकी कंपनीने बसवलेली ‘एसएएस’ ही संदेशपद्धत इतकी पसरली की जगातल्या बहुसंख्य यंत्रांची ती बोलीभाषा झाली.

रचना अशी. प्रत्येक यंत्राच्या आत एक छोटी सर्किट पाटी बसवतात. तिचं एक टोक यंत्राच्या मुख्य संगणकाला आणि दुसरं कॅसिनोच्या जाळ्याला. वर्गात मास्तरांनी हजेरी घ्यावी तशी ही व्यवस्था क्रमांक पुकारत राहते आणि ज्याचा क्रमांक येईल त्या यंत्राने उत्तर द्यायचं. एका तारेवर १२७ पर्यंत पत्ते, वेग सेकंदाला १९,२०० बिट. आजच्या मोबाइलच्या मानाने तो गोगलगायीचा, पण दोन-चार अक्षरांच्या निरोपांना पुरेसा.

कारण बहुतेक वेळा यंत्राला सांगायचं असतं ते एवढंच: नवीन काही नाही. काही घडलं तर त्याचा ठरलेला सांकेतिक क्रमांक जातो. एसएएसच्या कोष्टकात ११ म्हणजे यंत्राचं दार उघडलं, १२ म्हणजे बंद झालं. तंत्रज्ञाने किल्ली फिरवली की सर्व्हरवर वेळेसकट नोंद पडते. आता त्याने आपलं ओळखपत्र घातलं होतं का, त्या वेळी त्या यंत्राचं काम निघालेलं होतं का, हे ताडून पाहता येतं. दार उघडल्याची नोंद आहे आणि कामाची नाही, एवढ्यावर सुरक्षारक्षक धावतात. उलट, पाच सेकंदांत कुणी पुकारलंच नाही तर यंत्र धरून चालतं की तार तुटली आहे आणि आपलाच पत्ता पुन्हा पुन्हा ओरडायला लागतं.

पुढची पिढी ‘जी२एस’ची. गेमिंग स्टँडर्ड्स असोसिएशन या उद्योगसंघटनेने २००० च्या दशकात ती घडवली. तीत हजेरी संपली. यंत्र आणि सर्व्हर इंटरनेटच्याच पद्धतीने, सांकेतिक कुलूप लावलेल्या संदेशांतून दोन्हीकडून बोलतात. एकाच यंत्राशी एकाहून अधिक सर्व्हर जोडता येतात: हिशेबाचा एक, बक्षिसांचा एक, आणि नियामकाचाही एक. हा शेवटचा मुद्दा पुढे फार उपयोगी पडणार आहे.

चिठ्ठीचा प्रवास

आता सुरुवातीच्या चिठ्ठीकडे वळू. खेळणाऱ्याने पैसे काढायचं बटण दाबलं की चिठ्ठी क्षणात बाहेर येते, पण तेवढ्यात बरंच काही उरकलेलं असतं. यंत्र सर्व्हरला कळवतं की इतक्या रकमेची चिठ्ठी काढतो आहे. चिठ्ठीला अठरा आकड्यांपर्यंत लांबीचा प्रमाणक्रमांक मिळतो. हे क्रमांक ओळीने नसतात. एक चिठ्ठी हातात आली म्हणून पुढचीचा क्रमांक ताडता येऊ नये. सर्व्हरवर त्या क्रमांकापुढे रक्कम, यंत्र, वेळ आणि स्थिती लिहिली जाते. स्थिती: देणे बाकी.

खेळणारा ती चिठ्ठी दुसऱ्या यंत्रात सरकवतो. यंत्र बारकोड वाचतं आणि चिठ्ठी तोंडातच धरून ठेवतं. सर्व्हरला विचारणा जाते. सर्व्हर आधी नोंदीला कुलूप लावतो, मग होकार देतो. चिठ्ठी पेटीत पडल्याचा निरोप आला की स्थिती बदलते: दिले. कुणी चिठ्ठीची हुबेहूब फोटोप्रत काढून त्याच क्षणी दुसऱ्या यंत्रात घातली तर? तिथल्या विचारणेला कुलूपबंद नोंद सापडते आणि प्रत परत बाहेर फेकली जाते. खोट्या नोटेशी लढायला शाई, धागा आणि कागदाचं शास्त्र लागतं. खोट्या चिठ्ठीशी लढायला एक नोंद आणि तिला एकाच वेळी एकालाच हात लावू देणारं कुलूप पुरतं.

नाण्यांच्या बादल्या उचलणं, रिकामी झालेली यंत्रं भरणं, नाणी मोजणं या कामांवरचे शेकडो लोक २००० च्या दशकात अमेरिकी कॅसिनोंतून कमी झाले ते या चिठ्ठीमुळे. आणि खेळणाऱ्याच्या हातातला पैशांचा भारही गेला. खणखणणारी नाणी संपताना कळतात. पडद्यावरचा आकडा उतरताना तितकासा कळत नाही.

जाळ्याचा दुसरा मोठा उपयोग म्हणजे सामाईक बक्षीस. १९८६ मध्ये आयजीटीने नेवाडा राज्यातल्या वेगवेगळ्या कॅसिनोंमधली यंत्रं टेलिफोनच्या तारांनी जोडून ‘मेगाबक्स’ सुरू केलं. प्रत्येक डावातला थोडासा भाग एका मध्यवर्ती रकमेत जमा होतो आणि सगळ्या यंत्रांवर तीच वाढती रक्कम झळकते. मार्च २००३ मध्ये लास व्हेगासच्या एक्सकॅलिबर कॅसिनोत एकाने जिंकलेली रक्कम होती सुमारे ३ कोटी ९७ लाख डॉलर. गिरणगावातला मटका आणि नेवाड्यातला मेगाबक्स यांची ओढ एकच: छोटा डाव आणि डोळे दिपवणारा आकडा.

यंत्र घट्ट करता येतं का?

सगळी यंत्रं सर्व्हरला जोडलेली म्हटल्यावर खेळणाऱ्यांत एक समजूत हमखास ऐकू येते. आत बसलेला माणूस बटण दाबतो आणि आपलं यंत्र देणं थांबवतो. शनिवारी रात्री सगळी यंत्रं घट्ट करतात. एखादा जिंकायला लागला की लगाम खेचतात.

हिशेब ठेवणाऱ्या जाळ्यात तशी सोयच नसते. निकाल यंत्रातच ठरतो. सर्व्हर ऐकतो आणि लिहितो. पण नंतर अशी व्यवस्थाही आली की खेळ, डावाची किंमत आणि परताव्याची टक्केवारी सर्व्हरवरूनच यंत्रात उतरवता येते. डिसेंबर २००९ मध्ये उघडलेल्या लास व्हेगासच्या आरिया कॅसिनोने हे मोठ्या प्रमाणावर आणलं. म्हणजे शंका अगदीच वेडगळ नव्हती. नेवाड्याच्या नियमांनी तिला उत्तर दिलं: यंत्र आधी किमान चार मिनिटं रिकामं असलं पाहिजे, त्यावर कुणाचे पैसे शिल्लक नसले पाहिजेत, आणि बदल करताना ते आणखी चार मिनिटं बंद ठेवून पडद्यावर तशी सूचना झळकवली पाहिजे. बसलेल्या माणसाखालची सतरंजी ओढता येत नाही. शिवाय तिथे परतावा ७५ टक्क्यांखाली नेता येत नाही.

खरं तर घट्ट करायची गरजही नसते. आठ टक्के आणि सहाशे डाव यांचं गणित आपण वर पाहिलं. जो धंदा प्रामाणिकपणे चालवून नफा देतो, त्यात मालकाला निकालाशी खेळण्यापेक्षा खेळणारा किती वेळ बसतो यात जास्त रस असतो. म्हणूनच सर्व्हरवरचा सर्वांत मोलाचा कप्पा निकालांचा नसून ग्राहकांचा आहे. सदस्यत्वाचं कार्ड यंत्रात घातलं की कोण, कधी, किती वेळ, किती वेगाने आणि किती हरल्यावर उठला, हे सगळं नावानिशी लिहिलं जातं. फुकटचं जेवण, खोलीवरची सूट, वाढदिवसाचा निरोप हे सगळं त्या कप्प्यातून निघतं.

तपासणाऱ्याला कोण तपासणार?

धार जिल्ह्यात पीथमपूरला नॅट्रॅक्स ही वाहनचाचणीची संस्था आहे. ११.३ किलोमीटर लांबीचा तिचा वेगवान मार्ग २०२१ मध्ये सुरू झाला. गाडी बनवणारा आपल्या गाडीची ग्वाही देऊ शकत नाही. ती दुसऱ्याने तपासून द्यावी लागते. स्लॉट मशीनच्या जगातही तोच दंडक आहे. १९८९ पासून काम करणाऱ्या जीएलआय या प्रयोगशाळेचे जीएलआय-११ हे यंत्रांसाठीचे आणि जीएलआय-१३ हे देखरेखीच्या व्यवस्थेसाठीचे निकष अनेक देश मानतात. मंजूर प्रोग्रामचा गणिती ठसा काढून ठेवतात. प्रोग्राममधला एक बिट बदलला तरी ठसा बदलतो, आणि निरीक्षक जागेवर येऊन तो जुळवून पाहू शकतो.

पण रॉन हॅरिसचं काय करायचं? हा नेवाड्याच्या नियामक मंडळातला संगणक अभियंता. यंत्रांतल्या चिप खऱ्या आहेत का हे तपासणं त्याचं काम. त्याने तपासणीच्या साधनातच असा प्रोग्राम घातला की तपासलेल्या यंत्रात छुपी सूचना शिरायची. मग नाणी एका ठरावीक क्रमाने टाकली की यंत्र पैसे द्यायचं. तो पकडला गेला ते जानेवारी १९९५ मध्ये अटलांटिक सिटीतल्या केनो खेळाच्या प्रकरणात. त्याच्या साथीदाराने अशक्यप्राय वाटणारं एक लाख डॉलरचं बक्षीस जिंकलं आणि संशय बळावला.

देवासलाही असा प्रसंग घडला आहे. जानेवारी २०१८ मध्ये नोटांच्या छापखान्यातल्या एका अधिकाऱ्याला औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांनी बुटात नोटा लपवून नेताना पकडलं आणि झडतीत एकूण सुमारे ९० लाख रुपये हाती लागले. त्याची नेमणूक होती छपाईत बिघडलेल्या नोटा तपासण्याच्या विभागात. म्हणजे चांदणीच्या नोटेची सगळी शिस्त जिथून सुरू होते, नेमकी तिथेच भोक पडलं होतं.

दोन्ही प्रकरणांचा धडा सारखा आहे. एकाच्या हाती तपासणीही असेल आणि नोंदही असेल तर व्यवस्था कितीही चोख असो, ती त्याच्या सचोटीवर उभी असते. म्हणून कॅसिनोत रोख पेटी उघडताना दोन वेगळ्या विभागांची माणसं लागतात, किल्ल्या दोघांकडे वाटलेल्या असतात, आणि पेटीतली मोजलेली रोख सर्व्हरच्या आकड्याशी तिसराच कुणी ताडतो. देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन राजे एकाच गावात नांदले. दुहेरी कारभाराचा खर्च आणि कटकट त्या गावाला ठाऊक आहे. पैशांच्या बाबतीत मात्र ती कटकट परवडते.

जाळ्याचा स्वतःचाही एक धोका आहे. सगळं एकमेकांना जोडलं की एक दार फोडून सगळ्या घरात जाता येतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एमजीएम रिसॉर्ट्सवर सायबर हल्ला झाला. स्लॉट मशीनं बंद पडली, चिठ्ठ्यांऐवजी हाताने लिहून पैसे देण्याची वेळ आली, हॉटेलच्या खोल्यांची कार्डं चालेनात. कंपनीनेच जाहीर केलेला फटका सुमारे १० कोटी डॉलरचा होता.

चार वाचक

सर्व्हरवरची ही खतावणी वाचणारे चार जण कल्पिता येतात. पहिला मालक. त्याच्यासाठीच ती बनली आणि तो ती रात्रंदिवस वाचतो.

दुसरा करवसुली करणारा. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारतात कॅसिनोत खेळणाऱ्याने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो दर ४० टक्के झाला. खेळणाऱ्याने सुरुवातीला आणलेले हजार करपात्र. जिंकलेल्या पैशांतून लावलेले पुढचे डाव नव्हेत. हा भेद मीटरशिवाय करताच येणार नाही. शिवाय २००९ च्या दुरुस्तीनंतर काळ्या पैशांविरुद्धच्या कायद्याखाली कॅसिनोंना ग्राहकांच्या व्यवहारांच्या नोंदी ठेवाव्या लागतात.

तिसरा नियामक. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याने १९८९ मध्ये दारूच्या दुकानांतली जुगाराची यंत्रं थेट सरकारी लॉटरीच्या मध्यवर्ती संगणकाला जोडली. मालकाच्या आधी सरकारला आकडा कळतो. गोव्यात २०२० मध्ये गेमिंग आयुक्ताची जबाबदारी व्यावसायिक कर आयुक्तांकडे दिली गेली. म्हणजे तिथे दुसरा आणि तिसरा वाचक एकाच खुर्चीत बसवले. कर गोळा करणाऱ्याला उलाढाल वाढलेली हवी असते. देखरेख करणाऱ्याला प्रसंगी ती रोखावी लागते. हॅरिसच्या प्रकरणाने शिकवलेली फारकत इथेही हवी.

चौथा वाचक म्हणजे खेळणारा, आणि खतावणी ज्याच्याविषयी लिहिली जाते त्यालाच ती सहसा दाखवली जात नाही. तंत्राला त्यात काहीच अवघड नाही. नॉर्वेने १ जुलै २००७ पासून खासगी स्लॉट मशीनांवर बंदी घातली आणि २००९ पासून सरकारी कंपनीची जाळ्यात जोडलेली यंत्रं आणली. त्यांवर नावाच्या कार्डाशिवाय खेळता येत नाही आणि हरण्याची दिवसाची व महिन्याची मर्यादा गाठली की सर्व्हरच यंत्र थांबवतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर २०१५ मध्ये राज्यभरची यंत्रं जोडून खेळणाऱ्याला आधीच आपली मर्यादा ठरवायची आणि आपला हिशेब पाहायची सोय दिली. तीच पाटी, तीच तार, तेच मीटर. ग्राहकाला आणखी तासभर बसवण्यासाठी जे कार्ड वापरतात तेच त्याला उठवण्यासाठी वापरलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. देवास किंवा धारमधल्या तरुणाच्या मोबाइलवरचा जुगार त्यामुळे बेकायदा ठरला, आणि परवान्याने चालणारी गोव्यातली यंत्रं आपल्या जागी राहिली. बंदी असेल तिथे अंमलबजावणीचा प्रश्न वेगळा. पण परवाना देताना सरकार एक अट सहज घालू शकतं: खेळणारा उठताना यंत्राने त्याला चिठ्ठीवर उरलेल्या रकमेबरोबर आणखी तीन ओळी छापून द्याव्यात. किती वेळ बसलात, एकूण किती रकमेचे डाव लावलेत, किती हरलात. कार्ड घालून खेळणाऱ्याचे तिन्ही आकडे सर्व्हरवर त्या क्षणी तयार असतात. थर्मल कागदाच्या दोन इंच जास्तीच्या पट्टीखेरीज खर्च काही नाही, आणि तरीही ही अट मागणारा सहसा मालक नसतो.